पुनवेचं ताट

रसिका : मावशी, हात सैल सोडा ना. दोन बस बदलून नवघरहून पालीला आलेय मी. एकच नळी रक्त घेते, गेल्या महिन्यासारखी.

शांताबाई : थांब. त्या नळीत तुमच्या लॅबला काय गावलं ते सांग पयलं.

रसिका : फार चांगलं गावलं. फ्लूचा विषाणू सारखा तोंड बदलतो, म्हणून लस दर वर्षी नवी लागते. त्याची मान मात्र फारशी बदलत नाही. तुमच्या रक्तातल्या अँटीबॉडीज ती मानच धरतात. यावरून औषध होईल, कधीतरी सगळ्या फ्लूंवर एकच लस होईल.

शांताबाई : माज्या स्वरूपला न्हाय वाचवलं त्यानं. नऊ महिने याच रक्तावर वाढलेला माजा पोर.

रसिका : ते जन्मापासून नसतं, मावशी. आजार येऊन गेला की तयार होतं.

शांताबाई : मंजी मना बी स्वाइन फ्लू झालेला, ते कललं तुमाला.

रसिका : हो. आणि फॉर्मवर तुम्ही ‘ताप नव्हता’ सांगितलं होतंत.

शांताबाई : आधी कोनाला आला, मना का त्याला, ते बी कलतं?

रसिका : नाही. रक्तात तारीख नसते.

शांताबाई : मग मी सांगते. नारली पुनवेच्या आधी दोन दिस मना कनकन व्हती. भाईंदरच्या बाजारात सुकी मासली विकून आलेली. बोट पान्यात घालायच्या आधी आयशीनं नि पोरानं एका ताटात जेवायचं, ही आमच्या घरची रीत. ती मोडली त्या साली त्याचा बाप परत आला न्हाय. ताप हाय बोलले असते, तर पोरानं ताट येगलं केलं असतं. म्हनून गप रायले. माज्या हातानं भरवलं त्याला. दहाव्या दिवशी गेला.

रसिका : बाहेरूनही आला असेल, मावशी. तेव्हा सगळीकडेच साथ होती.

शांताबाई : गावातल्या बाया बी हेच बोलतात. पन दुपारी मी जेवाया बसले की समोर बसून खोकतो माजा स्वरूप. रोज. घास उतरत न्हाय.

रसिका : फॉर्म दुरुस्त करावा लागेल. पण तारीख नसेल सांगायची तर राहू दे.

शांताबाई : लिव. पुनवेच्या आधीचे दोन दिस. आनि घे काय ते रक्त.

(रसिका तारीख लिहिते. मग नळी भरून घेते.)

रसिका : झालं. आता काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर चक्कर येईल.

शांताबाई : तू बी बस. भात हाय, कोलीमची सुकट हाय. तुला येगलं ताट वाढते.