दहा मिनिटांचा समुद्र

...आणि वर तो सहलीचा गाईड म्हणतो काय, दहा मिनिटं! तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय, दहा मिनिटं म्हणजे केवढी हे मला कुणी शिकवू नये. दहा मिनिटांत माणूस चहा पितो, समुद्र बघत नाही! त्यातून बरोबर माझी आई. वय एकोणऐंशी, डोळे अधू होत चाललेले, डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर दिसेल, मग सगळं धूसरच. जन्मात समुद्र पाहिला नव्हता तिनं. म्हणाली, एकदा दाखव बाबा. म्हणून दुकान बंद ठेवून ही कड्याकपारीच्या किनाऱ्याची सहल घेतली. एक दिवस, आठ ठिकाणं. तिथंच मला कळायला हवं होतं!

बसमध्ये गाईड. गळ्यात शिट्टी, हातात माईक, आणि तो माईक बिघडलेला, म्हणजे निम्मं वाक्य त्याचं, निम्मी खरखर. 'मंडळी, डावीकडे खर्रर्र खडक, हुबेहूब हत्ती, दहा मिनिटं!' आई खिडकीला नाक लावून विचारतेय, कुठाय हत्ती? मी सोंड शोधतोय तोवर बस पुढं. दुसऱ्या ठिकाणी आईचे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच शिट्टी. तिसऱ्या ठिकाणी गुहा होती म्हणे. असेल! आम्ही स्वच्छतागृहाच्या रांगेत होतो.

चौथं ठिकाण म्हणजे खरा कडा. कठड्यापर्यंत उतरायला शहाण्णव पायऱ्या. आणि वेळ किती? बोला... दहा मिनिटं! आई दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मगच पुढच्या पायरीचा विचार करणार. चाळीस झाल्या आणि वरून शिट्टी. आता राग काढायचा कुणावर? गाईड वर, समुद्र खाली, मधे आई. तिच्यावरच ओरडलो. 'अगं, जरा पाय उचल की!' चार लोकांनी वळून बघितलं. तिनं चष्मा पुसला आणि तिथंच पायरीवर बसली. म्हणाली, 'तू जा बसमध्ये. मी बघून येते.'

जा म्हणे! कुठं जाणार? बसलो शेजारी, फुरंगटून. पुन्हा शिट्टी, मग हॉर्न, मग इंजिन... आणि तुम्हाला सांगतो, गेली बस! आमची पिशवी, पाण्याची बाटली, आईच्या गोळ्या, सगळं घेऊन गेली! मी तोंडाला येईल ते बोलतोय, फोनला रेंज नाही, आणि आई माझा दंड धरून म्हणते, थांब, ती बघ मोठी येतेय. आली लाट, कड्यावर फुटली, तुषार थेट तिच्या चष्म्यावर. आई खुदकन हसली. 'एवढं पाणी नुसतं आपटत बसतं? दमत नाही?' मग उरलेल्या छप्पन्न पायऱ्याही उतरलो. किती वेळ लागला? बघितलंच नाही मी.

दीड तासानं बस परत आली. पाचव्या ठिकाणी डोकी मोजली, तेव्हा दोन कमी भरली! सगळी बस आमच्याकडे अशी बघतेय, जणू समुद्र आम्हीच सांडला. गाईडला झापायची वाक्यं माझी तयार होती, अगदी क्रमानं! तर हा पठ्ठ्या अभिप्रायाची वही घेऊन आईपुढं उभा. आजी, दोन शब्द म्हणे. आई म्हणाली, मला अक्षर दिसत नाही, हा लिहील. पेन माझ्या हातात, आणि ही सांगतेय, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, 'लिही. सहल छान झाली. मुलगा फार घाई करतो.'

लिहिलं. करतो काय... खाली सहीसुद्धा मीच केली.