वायर मी स्वतः लावली होती!

...अहो, उणे अडतीस! उणे! इथे कॅनडात, सस्कॅचेवानात जन्म काढला म्हणून काय झालं, थंडी ती थंडीच ना? एरवी ट्रक बंद पडला तर पडू दे मेला, पण त्या दिवशी चालू व्हायलाच हवा होता हो! आमच्या हिच्या, वर्नाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, अकरा महिन्यांनी नंबर लागलेला, दहाला शहरात हजर नाही तर परत रांगेच्या शेपटाला! आणि सकाळी सहाला किल्ली फिरवतो तर काय? अं... अं... अं... आणि गप्प! तुम्ही म्हणाल, इंजिन गरम ठेवायची वायर रात्री विजेला लावायला विसरला असेल म्हातारा. मुळीच नाही! तुम्हाला सांगतो, वायर मी स्वतः लावली होती!

झालं, आवाज ऐकून शेजारचा ओरेस्ट हजर, हातात कॉफी. गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण बोलणार! "नेस्टर, बॅटरी गेली रे तुझी." त्याच्या गाडीवरून करंट दिला. अं... अं... गप्प. "मग तेल गोठलंय. पातळ घाल म्हणत होतो, ऐकशील तर!" तेवढ्यात पलीकडची डेल्फीन आली, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, ती थेट बॉनेटमध्ये कमरेपर्यंत. "छे, पेट्रोलच्या नळीत बर्फ झालाय! वायर लावली होतीस का?" अगं बाई, लावली होती! मी स्वतः लावली होती! माझी बोटं बधिर, मिशीला बर्फ, ही दोघं तेल की नळी म्हणून भांडतायत, घड्याळात पावणेसात, आणि वर्ना कोट घालून, पर्स पोटाशी धरून दारात उभी.

"नेस्टर," हळूच म्हणते, "दिव्यांचं बटण परत लावू का रे?"

"कसले दिवे?"

"नाताळचे. फेब्रुवारी आला तरी जळतायत, बंद कर, बंद कर, म्हणून डोकं खाल्लंस ना माझं? काल झोपताना केले बंद."

...आता ती माळ आणि माझा ट्रक, दोन्ही एकाच लांब वायरीला जोडलेले, आणि त्या वायरीचं बटण घरात, एकच! ओरेस्टनं कॉफीचा मोठ्ठा घोट घेतला.

बटण लावलं. दोन तास बसलो. पावणेनऊला किल्ली... अं... अं... धुर्रर्र! डोळ्यांत पाणी आलं, तेही गोठलं! वर्नाला आत कोंबली आणि सुसाट निघालो, मागे ओरेस्ट हात हलवून ओरडतोय, म्हटलं निरोप देतोय बिचारा. दहाला पाच कमी असताना पोचलो. ऑपरेशन झालं, झकास झालं. दुपारी डोळ्यावर पारदर्शक झाकण लावून, माझा हात धरून बाहेर आली आणि ट्रकपाशी थबकलीच.

"अगं बाई, किती लख्ख दिसतंय! लाल, हिरवा, पिवळा... नेस्टर, तुला तर आवडत नव्हती ना रे? मग माळ सोबत कशाला आणलीस?"

वळून पाहतो तर ट्रकच्या नाकातून लोंबणारी वायर, आणि तिच्या मागे साठ फूट नाताळ, अख्खा हायवे झाडत आलेला! लावली मी स्वतःच होती... काढायची कुणी?