एकाच हातात बांगड्या

— हाव व, सोडला ना हात ढिला! याहून ढिला कसा करू, खांद्यापासून काढून देऊ का तुले? हळू व रुख्मामावशी, हळू... हे पाह्य, एक बांगडी वाढवलीच तू. फुटली म्हणू नोको, लगनघर आहे. अन् हिरव्याच भर, मधेमधे ती सोनेरी टिकलीवाली. नवरीची माय आहो मी, का गंमत आहे? उद्या सकाळी हळदीच्या जात्याले पहिला हात माझा लागन — माझा, नंदाबाईचा! जाऊचा नाही, नणदेचा नाही. हसून काऊन राहिली? हस, मी पण सकाळपासून हसूनच राहिली. आमचे हे म्हणतात, लगन डिंपलचं आहे का तुझं?

तुले माहीत नाही मावशी, माझी पाळी कसी होती ते. पत्रिका वाचून येत होती व! बहिणीच्या हळदीले आली — मी बाहेर सपरीत, पडवीच्या कोपऱ्यात एकटी. दिराच्या लगनात आली — मी सपरीत, सगळे मांडवात नाचून राहिले अन् मी तिकडूनच टाळ्या वाजवून राहिली. नणदेच्या वेळी तं गोळ्या खाल्ल्या पुढं ढकलाच्या, तरी आली, पार मांडवाच्या दारात गाठलं मले. सपरीच्या छपराचे कवेलू मोजून मोजून तोंडपाठ झाले माझे. अन् मंग का झालं — थांबली. आधी एक महिना दांडी, मंग दोन महिने, मंग गायबच. वर्ष उलटलं तसे मी पूर्ण गल्लीत पेढे वाटले. खरंच! कायचे पेढे, कायचे पेढे करत सगळ्या बाया मागं, मी म्हटलं म्हैस व्याली. आमच्या ह्याईनं पण दोन खाल्ले, अन् संध्याकाळी हळूच विचारतात — काव नंदा, आपल्या घरी म्हैस कुठं आहे?

आई गं, पोट दुखलं हसून... नाही नाही, तसं नाही दुखत. हसून दुखलं म्हटलं. दवाखान्यात कायले जाऊ? तू दवाखाना म्हटलं ना आता? नाही म्हटलं? मंग मीच म्हटलं असन. ते डिंपलचं डोक्यात होतं माझ्या. मागं तिचं लय जास्त जात होतं अंगावरून — आधी तिचं बेताचं राहे, अन् अचानक घंट्याघंट्याले पॅड बदलून राहिली, ह्या एवढ्या गाठी, उभी राहिली का चक्कर. मी म्हटलं लगन ठरलं, टेन्शन असन. तोंड पाह्यतं तिचं तं कणकेसारखं पांढरं! तवा नेलं गोंदियाले प्रेरणा मॅडमपाशी. रक्तच कमी झालं होतं पोरीचं. गोळ्या देल्ल्या, सोनोग्राफी केली, आता पाह्य कसी उड्या मारून राहिली. मॅडमनं नीट समजावलं — एखाद्या महिन्यात कमी-जास्त, मागं-पुढं होते, तेवढ्यानं घाबराचं नाही. पण एकदम बदललं अन् तसंच राहिलं, गाठी पडल्या, मधातच डाग लागले, तं घरी बसून काढा पिऊन चालत नाही. अन् मंग माझ्याइकडे पाहून म्हणते, आई, तुमचं कसं? मी म्हटलं, मी सुटली मॅडम, पेढे वाटून झाले! तं हसली. पण मंग हसू थांबवून म्हणते...

ही बांगडी मोठी होते का व मले? हाव, तीच भर.

का म्हणते? ते... वर्षभर बंद राहून पुन्हा डाग दिसला, एक थेंब जरी दिसला, तं वाट नाही पाहाची, सरळ दवाखान्यात याचं. बहुतेकदा साधंच निघते म्हणे, पण पाहिल्याशिवाय साधं म्हणाचं नाही.

असी नोको पाहू मावशी. दिवाळीनंतर दिसला, एवढुसाच. मी म्हटलं घ्या, जवानी वापस आली, फेशियल न करताच! मंग संक्रांतीले. अन् आता हे, परवापासून... जास्त नाही व, डिंपलसारखं नाही. कोणाले सांगू? आज सांगितलं तं उद्या जात्यापाशी माझी जाऊ बसन, अन् मी सपरीत. माझ्याच पोरीच्या हळदीले! देवाचं मी पाहून घेईन, त्यालेही पोरगी असती तं समजलं असतं. लगन होऊ दे, मंग जाईन. पक्की जाईन. अन् भेव लागते व. खरं सांगू, लय भेव लागते. मॅडमनं काही भलतंच सांगितलं तं मी मांडवात हसू कसी? म्हणून तं सकाळपासून हसून घेऊन राहिली.

काऊन हात सोडला? डावा राहिला ना... पेटी कायले बंद करून राहिली? ओ मावशी! एका हातात मनगटभर बांगड्या अन् दुसरा भुंडा? नवरीच्या मायचा? बाया का म्हणतीन? दहा जणी विचारतीन काऊन व नंदा, काऊन व नंदा, जात्याले कसा लावू हा हात...

हाव. म्हणूनच ठेवला ना तू तसा. लय बदमाश आहेस.

दवाखान्यातून आली का भरशीन? आज रात्री? बरं, सकाळीच येजो, पण जात्याच्या आधी. अन् जाऊले... नाही सांगणार? पेटीवर हात ठेवून म्हण. हाव. जा मंग आता, त्या बाहेरच्या पोरींचे हात भर, मले लुगडं बदलू दे. सुई टोचाले एक हात मोकळा लागनच म्हणा मॅडमले.

अवो, डिंपलचे बाबा! गाडी काढा. गोंदियाले. आत्ता! कायले म्हणजे? म्हैस व्याली!

...नाही. काढा तं खरं. रस्त्यात सांगते.