एकेकानं बोला

(घराची मागची बाजू. अंगणात मोकळ्या सुटलेल्या ठिपकेवाल्या गिनी कोंबड्या, एक टर्की, आणि त्यांच्यामागे वन्सं, हातात उपडी टोपली घेऊन वाकलेल्या. बस कंडक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाल्या, आणि थोरला भाऊ गेल्यावर वहिनीच्या सोबतीला म्हणून इथंच राहिल्या. वहिनी शिवणकाम करणाऱ्या. त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभ्या आहेत, पायरीच्या वर.)

वन्सं : ...आणि तू तिथनं नुसती बोटं दाखवू नकोस. एकीला धरायला जावं तर बाकीच्या बोंब मारतात. ही बघ, गेली छपरावर! उतर गं बाई, उतर.

वहिनी : सकाळी खुराड्यातून सोडल्याच कशाला? टेम्पो यायचाय हे ठाऊक होतं ना तुम्हाला?

वन्सं : ठाऊक होतं म्हणूनच सोडल्या. शेवटचा दिवस, म्हटलं हिंडू देत मनासारखं.

वहिनी : आता तो माणूस येऊन छपराकडे बघत बसणार.

वन्सं : बसू दे. गिनी कोंबडी कुणाच्या बापाच्या हाताला लागत नाही. टर्कीचं तसं नाही. साहेबाकडे बघ, टोपली दिसली की स्वतःच आत बसायला येतो. एवढं धूड, एवढा पिसारा, आणि निघालाय टोपलीत मावायला!

वहिनी : आधी त्याला साहेब म्हणणं बंद करा. नाव ठेवलं की जीव गुंततो.

वन्सं : मी कुठं ठेवलं? तोंडावर लिहिलंय त्याच्या. आमच्या डेपोचे मॅनेजर हुबेहूब असेच. आधी छाती फुगवायची, मग तोंड लालबुंद करायचं, मग गळ्यातून आवाज काढायचा. आणि रागवायला आपण का आलो होतो, ते त्यांनाच आठवायचं नाही.

वहिनी : आणि त्या ठिपकेवाल्या चेकर. परवा पोस्टमन कुंपणाबाहेरूनच टपाल फेकून पळाला.

वन्सं : चेकरचं कामच ते. घोळक्यानं यायचं, एकदम ओरडायचं, तिकीट काढलेल्या माणसालासुद्धा घाम फोडायचा.

वहिनी : हसवू नका. ठरलं ते ठरलं.

वन्सं : तू ठरवलंस. मी मान डोलावली.

वहिनी : मग काय करायचं होतं? शेजारचे घड्याळवाले कितीदा येऊन गेले. बिचारे आवाज चढवत नाहीत, पण दारात उभे राहून हात चोळतात. त्यांच्या आईला पक्षाघात झालाय, वाचा गेलीय, भिंतीपलीकडेच त्यांची खाट. आणि ह्यांचा कल्ला पहाट फुटल्यापासून सुरू. जनाची नाही तर मनाची तरी बाळगावी माणसानं.

वन्सं : म्हणून तर गप्प बसले. आजारी माणसापुढे माझं काय चालणार? पण तो टेम्पोवाला, नीट चौकशी केलीस ना त्याची? साहेब ताटात नाही ना जाणार?

वहिनी : शेतावर हौसेनं पाळतो तो. बदकं आहेत, ससे आहेत. खोदून खोदून विचारलंय मी. मला काय काळीज नाही?

शेजारी : ऐकलंत का? माफ करा हं. भिंतीवरूनच बोलतो.

वहिनी : अगंबाई, घड्याळवाले! तुमचीच आठवण काढली. हे बघा, आजच जाणार सगळे. टेम्पो यायचाच आहे. उद्यापासून काही त्रास नाही तुम्हाला.

शेजारी : तेच. तेच सांगायला आलो. म्हणजे, विचारायला. तो टेम्पो... थांबवता येईल का?

वन्सं : काय म्हणालात?

शेजारी : सावकाश सांगतो. मला भरभर जमत नाही. दिवसभर भिंगातून बघायची सवय. काल दुपारी मी खिडकीत एक घड्याळ उघडून बसलो होतो. आई खाटेवर. तुमच्या त्या ठिपकेवाल्या भिंत ओलांडून खिडकीखाली आल्या, आणि सगळ्या एकदम सुरू. मांजर दिसलं असेल. मी खिडकी लावायला उठलो. तर मागून आवाज आला.

वन्सं : कुणाचा?

शेजारी : मीही हेच म्हणालो, कोण? घरात तिसरं माणूस नाही.

वहिनी : म्हणजे... आई?

शेजारी : "एकेकानं बोला!"

वन्सं : अं?

शेजारी : असंच. ठणठणीत. "एकेकानं बोला!" आई शाळेत पहिलीच्या वर्गावर होती ना, सगळा जन्म. आजारी पडल्यापासून तोंडातून अक्षर नाही. पाणी हवं असलं तरी डोळ्यांनी सांगायची. आणि काल एकदम... माझ्या हातातला स्क्रू कुठं उडाला तो अजून सापडला नाही.

वहिनी : बाई गं!

वन्सं : मग? माझ्या चेकर गप्प झाल्या?

शेजारी : छे. जास्तच चेकाळल्या. मग आई म्हणाली, "अंगठे धरा."

वन्सं : अहो, त्या कुठले अंगठे धरतायत! वहिनी, ऐकलंस का?

वहिनी : गप्प बसा हो वन्सं, त्यांना बोलू द्या. पुढे?

शेजारी : डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, असं होतं. तोंडात मुरलेले शब्द आधी परत येतात. पुढचं खात्रीनं सांगता येत नाही म्हणाले, पण ऐकवत राहा, बोलतं करत राहा. मला अजून नावानं हाक मारलेली नाही तिनं. पण आज उठल्या उठल्या खिडकीकडे हात केला. उघड म्हणून. म्हणून आलो. तक्रार मीच करायची आणि आता मीच... लाज वाटते मला.

वन्सं : लाज कसली त्यात? अहो, मी तुमच्या खिडकीखाली दाणे टाकीन, तुम्ही फक्त सांगा!

शेजारी : आणि एक. वहिनींचं मशीन आणि तो तुमचा मोठा पक्षी, ह्यांची जी जुगलबंदी चालते ना, तीही आई कान देऊन ऐकते. तीही बंद नका करू.

वन्सं : कुणाचं मशीन?

शेजारी : वहिनींचं. शिलाईचं. संध्याकाळी तुम्ही फिरायला बाहेर पडलात की सुरू होतं. आतून मशीन घरघरलं की बाहेरून तो गळगळगळ करतो. ते थांबलं की हाही थांबतो. मी... काही भलतंच बोललो का? आईपाशी कुणी नाही, येतो मी. टेम्पोचं तेवढं बघा.

वन्सं : वहिनी.

वहिनी : काय?

वन्सं : दादा गेल्यापासून त्या मशीनवरची चादर निघालेली नाही, असं मी धरून चाललेय. गिऱ्हाइकं येतात, त्यांना तू दारातूनच वाटेला लावतेस.

वहिनी : शिवत नाही मी काही.

वन्सं : मग?

वहिनी : सुईत दोरा नसतो. नुसतं पायानं चालवते. एकदा तेल घालून बघावं म्हणून चालवलं, तर हा मेला बाहेरून ओरडला. थांबवलं, तर गप्प. पुन्हा चालवलं, पुन्हा ओरडला. मग वाटलं, घरात कुणीतरी ओ देतंय.

वन्सं : मी होते की घरात.

वहिनी : तुमच्याशी बोलायचं म्हणजे ह्यांच्याबद्दल बोलावं लागलं असतं.

वन्सं : ...बरं. ते राहू दे. घड्याळवाल्यांची तक्रार तर मिटली? कर फोन त्या टेम्पोवाल्याला, येऊ नको म्हणून.

वहिनी : नको. येऊ दे त्याला.

वन्सं : आता गं कुठं घोडं पेंड खातंय?

वहिनी : तुम्ही उभ्या आहात ना, तिथं वाफे होते.

वन्सं : कसले?

वहिनी : घेवड्याचे. ह्यांनी केलेले. दोरी धरून, सरळ ओळीत. बी टोकलं आणि दवाखान्यात गेले. हे परत आले नाहीत, आणि ते वर आलं. आधी दोन दोन पानं, मग वेल काठीला हात घालायला लागले. माझे पाय काही पायरी उतरायचे नाहीत. इथूनच बघायची, इथूनच तांब्यानं पाणी फेकायची, पोचेल तेवढं. आणि मग एका सकाळी तुम्ही तुमची ही पलटण आणून मोकळी सोडलीत. दुपारपर्यंत शेंडा ठेवला नाही.

वन्सं : वहिनी...

वहिनी : साहेबच पुढे होता. कोवळा वेल गिळत माझ्याकडेच बघत होता.

वन्सं : देवाशपथ सांगते, मला वाटलं रान माजलंय. आणि मी तुला वर म्हणालेसुद्धा, बघ कसं अंगण लख्ख झालं. म्हणाले ना?

वहिनी : म्हणालात.

वन्सं : आणि तू नुसतं "हं" म्हणालीस.

वहिनी : काय म्हणणार?

वन्सं : भांडायचंस! माझ्या झिंज्या उपटायच्यास! मी जन्म भांडण्यात काढला गं. सुट्ट्या पैशांवरून, खिडकीवरून, 'पुढे सरका'वरून. भांडण झालं की माणूस मोकळा होतो, आपल्या स्टॉपला हसत उतरतो. तुझं ते "हं" मला उमजायचं नाही. ह्या घरात माझ्या चपलेचा आवाज मलाच दचकवायचा. म्हणून आणले हे. म्हटलं, कुणीतरी ओरडू दे इथं. आणि त्यांनी नेमका दादाचा वाफा खाल्ला.

वहिनी : तुम्ही थोडाच खाल्लात?

वन्सं : मीच खाल्ला म्हण. येऊ दे त्या माणसाला. एकेकीला मी माझ्या हातानं चढवते. आणि घड्याळवाल्यांच्या आईचं म्हणशील, तर मी जाईन रोज त्यांच्या खिडकीखाली. मी ओरडेन. चेकरपेक्षा माझा घसा काही कमी नाही.

वहिनी : पुन्हा हसवताय. ...अहो, वन्सं? रडताय की काय?

वन्सं : रडत्येय कशाला? पीस गेलं डोळ्यात.

वहिनी : चोळू नका. थांबा, हलू नका. बघू. वर बघा. अजून वर.

वन्सं : वहिनी, तू खाली उतरलीस.

वहिनी : उतरले तर उतरले. पीस बीस काही नाही डोळ्यात. खोटारड्या आहात एक नंबरच्या.

वन्सं : मागे बघ. साहेब तुझ्या बाहीचं बटण ओढतोय.

वहिनी : हो बाजूला, मेल्या! खाल्लंस तेवढं पुरलं नाही का? ...अहो, हा किती ऊबदार असतो. मला वाटायचं खरखरीत असेल.

वन्सं : छातीवरून हात फिरव, आवडतं त्याला. मानेला नको लावू. असं. बघ, तोंडाची लाली उतरून निळसर झालं. म्हणजे साहेब खूश. सह्या घ्यायच्या असल्या तर आत्ताच घ्याव्यात.

वहिनी : फोन वाजतोय माझा. तोच असणार. ...हॅलो. हो, मीच बोलतेय. नाक्यापर्यंत आलात? अहो, ऐका ना. माफ करा, तुमची खेप वाया गेली. ...नाही, नाही, पक्ष्यांना काही झालेलं नाही. द्यायचे नाहीत. ...नाही हो, वन्संचं काही नाही, मीच नाही म्हणतेय. ...तुम्ही असं करा, आलाच आहात तर चहा घेऊन जा. आणि मला एक सांगा, टर्की ओलांडणार नाही अशी जाळी केवढी उंच लागते? ...अस्सं. आणि गिनी कोंबड्यांना? ...हो का? बरं, या मग.

वन्सं : काय म्हणतो?

वहिनी : त्यांना अडवणारी जाळी अजून निघायची आहे म्हणतो.

वन्सं : ते मीच सांगितलं असतं. पण जाळी कशाला गं?

वहिनी : भिंतीकडची बाजू तुमच्या पलटणीला. तिकडच्या आजींना ऐकूही जाईल. ही बाजू मला. पुन्हा घेवडा लावायचाय.

वन्सं : चेकर घुसतील. त्या जाळीला मोजत नाहीत, आत्ताच ऐकलंस ना?

वहिनी : वेल लहान आहेत तोवर मी वरून झाकीन काहीतरी. मोठे झाले की येऊ देत, किडे वेचतील. तेवढं तरी काम करावं घरासाठी. पण एक पान तुटलं ना, वन्सं, तर तुमच्याशी भांडेन. मोठ्यानं.

वन्सं : भांड. अगदी शेजारी खिडक्या उघडतील असं भांड.

वहिनी : आणि खुराडा झाडाल ती घाण बाहेर टाकायची नाही. कोपऱ्यात मातीखाली कुजवायची. ताजी घातली तर मुळं जळतात. मुरू द्यायची, मग वाफ्यात.

वन्सं : हे तुला कुठनं कळलं?

वहिनी : कुठनं म्हणजे? ह्यांच्याकडनं. मी पडदे शिवायला बसले की हे शेजारी स्टूल ओढून बसायचे. खत, माती, कुठली कीड कधी पडते, सगळं पुराण.

वन्सं : दादा? आमचा दादा? तो तर सदा मूग गिळून बसलेला. जेवताना मीठ हवं असलं तरी मागायचा नाही. लहानपणी मी दोघांचं मिळून एकटी बोलायची.

वहिनी : माझ्याशी बोलायचे. पुष्कळ बोलायचे. तुमच्याबद्दलसुद्धा.

वन्सं : माझ्याबद्दल? काय?

वहिनी : बसा त्या दगडावर. सांगते.