हंड्यातलं हसणं

मूळचे आम्ही घोटीकडचे. वडील भाताच्या गिरणीत कामाला होते, गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलं त्यांचं, घरी आले तरी हातानंच खुणा करायचे, पाणी दे, दिवा लाव, आणि माझा मोठा भाऊ, दादा, अगदी त्यांच्यावर गेला, दिवसाला चार शब्द. बोलका निघालो तो मी एकटा. शाळेच्या गॅदरिंगला माईक हातात धरला तो धरलाच. वडील गेले आणि दादाला सातपूरला कंपनीत काम लागलं, मग आई, दादा आणि मी नाशिकला आलो, पंचवटीत दोन खोल्या घेतल्या. मी बारावीला दोनदा बसलो, दोनदा आपटलो, आणि शेवटी एका थिएटरात रिक्षा फिरवायच्या कामाला लागलो. रिक्षा फिरवायची म्हणजे चालवायची नाही हो. चालवणारा पुढं, मी मागं, दोन्ही बाजूंना पोस्टरच्या फळ्या, टपावर भोंगा, मांडीवर माईकचं आणि टेपचं मशीन, आणि रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार, सगळीकडं माझा आवाज. बघायला विसरू नका, आजपासून, रोज दुपारी बारा वाजता. आता तुम्ही विचाराल त्यात काय एवढं. पण बाया खिडकीत यायच्या तो आवाज ऐकून, मला लय भारी वाटायचं.

ही नव्वदनंतरची वर्षं. घराघरात केबल आली होती आणि थिएटरात माणूस दिसेना. आमचे मॅनेजर डोक्यानं तल्लख, त्यांनी दुपारच्या खेळाला जुने सिनेमे लावायला सुरुवात केली. त्यातही एका जातीचे. हवेली, झुंबर, बाहेर वादळ, आत मेणबत्ती घेऊन फिरणारी कुणीतरी, भिंतीवरच्या तसबिरीचे डोळे हलतात, तळघरात कुणाला तरी वर्षानुवर्षं कोंडलंय, आणि शेवटी राणीसाहेब वेड्या होऊन जिन्यावरून हसत हसत खाली येतात. तुम्ही पाहिलेच असतील. मॅनेजर म्हणायचे, अरे, नव्या सिनेमात लोक रडायला येतात, या सिनेमांना घाबरायला येतात आणि हसून जातात, एका तिकिटात दोन कामं. खरंच होतं ते. पुढच्या स्वस्त रांगांतली पोरं राणीसाहेबांच्या आधी ओरडायची, आली, आली, केस सोडून आली!

त्याच सुमाराला दादाचं लग्न झालं. वहिनी पिंपळगाव बसवंतच्या. आमच्या मुक्या घरात ती बाई आली आणि भांडीसुद्धा बोलायला लागली. तिला सिनेमाचं वेड, आणि आमच्या आईला सिनेमाचा राग. थिएटरात जाणाऱ्या बाया आपल्यातल्या नाय, असं आई म्हणायची, आणि दादा आईच्या शब्दाबाहेर नाही. मला तर थिएटरात फुकट प्रवेश. मग दादाची पहिली पाळी असली की वहिनी आईला सांगायची, काळारामाला जाऊन येते, भावजी सोबत आहेत. आणि आम्ही देवळाला बाहेरूनच हात जोडून बाराच्या खेळाला जायचो. मनात पाप नव्हतं हो, खरं सांगतो. मला धाकटी बहीण नाही, मोठी बहीण नाही, ती मला बहिणीसारखी होती. पण सांगून गेलो असतो तर कुणी जाऊ दिलं नसतं, हेही खरंच.

पडद्यावर वेड सुरू झालं की वहिनीला हसू आवरायचं नाही. म्हणायची, भावजी, ही बया वेडी झाली तरी काजळ कसं विस्कटत नाही हिचं? आणि रोज शिकेकाईनं न्हाते वाटतं, केस बघा कसे भुरभुरतायत. मेणबत्ती घेऊन पळते पण विझत नाही ती, आमच्या गावाला कंदील नेला तरी विझतो. घरी आलो आणि आई शेजारी गेलेली असली की ओट्यापासून मोरीपर्यंत राणीसाहेबांसारखी चालून दाखवायची, पदर मागं लोळतोय, हातात लाटणं मेणबत्तीसारखं धरलंय. मी पोट धरून हसायचो.

एकदा असाच एक वेडाचा सिनेमा लागायचा होता. मॅनेजर म्हणाले, नुसतं बोलून भागणार नाही, काहीतरी कर. माझ्या डोक्यात आलं, भोंग्यावर राणीसाहेबांचं हसणं लावायचं. वहिनीला म्हटलं, तर तिनं एका पायावर हो म्हटलं. टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात ठेवला. पहिल्यांदा हसली ते साधंच वाटलं, हवेलीतलं वाटेना. मग तिनंच युक्ती काढली, तांब्याचा रिकामा हंडा घेतला, त्यात तोंड घातलं आणि हसली. काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला माझ्या. खालून सुरू होऊन वर चढणारं, मध्येच थांबणारं, पुन्हा चढणारं. आणि संपल्यावर हंड्यातून तोंड काढून ती म्हणाली, झालं का हो भावजी? बंद करा ते, दूध उतू जाईल माझं. आणि मी ओरडलो, एक नंबर, वहिनी!

ते सगळं टेप झालं होतं. मग मी थिएटरातल्या मशीनवरून फक्त हसणं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलं, लागोपाठ तीनदा, पुढचं दुधाचं बोलणं तोडलं. त्या दुसऱ्या कॅसेटच्या कव्हरवर मी माझ्या अक्षरात लिहिलं, वेडी, हसणे, आणि खाली तारीख. पहिली कॅसेट माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. आठवडाभर वहिनीचं हसणं नाशिकभर फिरलं, खेळ भरले, आणि वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालताना रिक्षा गेली की मान खाली घालून गालातल्या गालात हसायची. भोंग्यातून आवाज असा फाटून यायचा की घरात कुणाला ओळखू आला नाही. सिनेमा उतरल्यावर ती दुसरी कॅसेट मी घरी आणून भिंतीवरच्या माझ्या फळीवर टाकली.

पुढच्या वर्षी वहिनीला मुलगी झाली, वैशू. आणि बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत वहिनीचं काहीतरी बिनसलं. झोप उडाली, जेवण सुटलं. सिनेमातल्या वेडात वादळ असतं, ढोल वाजतात. आमच्या घरात आलं ते इतकं गुपचूप आलं की आम्हाला आठ दिवस कळलंसुद्धा नाही. ताटात तांदूळ घेऊन बसायची, निवडायची, निवडलेले पुन्हा त्याच ताटात मिसळायची, पुन्हा निवडायची. बाळ रडलं तर बघायची त्याच्याकडं, पण उठायची नाही. मला म्हणाली, भावजी, हिला माझ्याजवळ देऊ नका, माझ्या हातून पडेल. मोकळे केस नाहीत, किंचाळणं नाही. आणि एक गोष्ट नीट ऐका, त्या सगळ्या दिवसांत ती एकदाही हसली नाही. एकदाही नाही.

दादानं डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर होतं काही बायकांना असं, गोळ्या द्या, झोप होऊ द्या, काही महिन्यांत बरी होईल. दादाचा विश्वास बसला होता. पण आईनं घोटीहून मामांना बोलावलं. मामा आमच्याकडचे शहाणे, चार माणसांत बोलणारे. आणि आईनं घर आवरताना माझ्या फळीवरची ती दुसरी कॅसेट काढली होती. वेडी, हसणे. ऐकली, आणि या वेळी आवाज ओळखला.

दुपारी बैठक बसली. मामा, आई, दादा, वहिनीचा भाऊ पिंपळगावहून आलेला, आणि मी. मामांनी टेप लावला. वहिनीचं हसणं खोलीत घुमलं, एकदा, दोनदा, तीनदा. तिचा भाऊ खाली बघत राहिला. मामा म्हणाले, आता बोला, तुमचा डॉक्टर म्हणतो बाळंतपणाचं हाय, ही टेप तर बाळंतपणाच्या आधीची, कव्हरवर धाकट्याच्या हातची तारीख हाय, आजार जुना हाय पाव्हणं, तुमी लपवून पोरगी दिली आमाला. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, शाबास, वेळेवर टेप करून ठेवलंस.

तेवढ्यात आतल्या दारात वहिनी येऊन उभी राहिली. गोळ्यांनी जीभ जड झाली होती तिची. सावकाश म्हणाली, ते सिनेमाचं आहे हो मामा, मी हंड्यात हसले होते, भावजींना विचारा.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दादानंसुद्धा. मामा म्हणाले, काय रे, काय म्हणती ही?

मला एवढंच सांगायचं होतं की हो. ट्रंक माझ्या पाठीमागं चार पावलांवर होती, पहिली कॅसेट काढून लावायची, बस. पण हो म्हटलं तर पुढचं सगळं आलं. काळारामाचं खोटं आलं, दादा कामावर असताना आम्ही दोघं अंधाऱ्या थिएटरात शेजारी बसायचो ते आलं, घरच्या सुनेचा आवाज मी बाजारात फिरवला ते आलं. दीर-भावजयीचं नाव लोक कसं घेतात, तुम्हाला माहीत आहे. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की मी तिच्याच अब्रूसाठी गप्प बसलो. खोटं आहे ते. मी माझ्यासाठी गप्प बसलो. मान खाली घातली आणि म्हणालो, मला नाही माहीत.

मामा म्हणाले, बघा, अजून सिनेमातच हाय ती.

वहिनी आत जाऊन तांदळाच्या ताटापाशी बसली. दुसऱ्या दिवशी भावानं तिला पिंपळगावला नेलं. वैशूला आईनं ठेवून घेतलं, अशा बाईजवळ तान्हं पोर द्यायचं नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले होते तशी वहिनी चार-पाच महिन्यांत बरी झाली. आजार होता, नव्हता असं मी म्हणत नाही, पण तो काही महिन्यांचा होता. त्या कॅसेटनं तो जन्माचा ठरवला. तिचा भाऊ दोनदा बोलणं करायला आला, मामांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं, टेप हाय आमच्याकडं. दादानं दुसरं लग्न केलं नाही, पण तिला आणलंही नाही. वहिनी तिकडंच द्राक्षांच्या पॅकहाऊसला कामाला लागली, मणी निवडायचे, पेट्या भरायच्या. वर्षातून दोनदा भेटायला यायची, आई वैशूला दारातच भेटवायची.

वर्षं गेली. थिएटर बंद पडलं, रिक्षा फिरवणं संपलं. आता मी हातगाडीवाल्यांना मोबाईलवर आवाज भरून देतो, कांदे घ्या, लसूण घ्या, तुम्ही ऐकला असेल माझा आवाज, कळला नसेल. लग्न मी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, राहून गेलं.

वैशू नववीत होती. एका रविवारी टीव्हीवर तसलाच जुना सिनेमा लागला होता, हवेली, झुंबर, सगळं. राणीसाहेब जिन्यावर आल्या आणि वैशू हसली. खालून वर चढणारं, मध्येच थांबणारं, पुन्हा चढणारं. पोरगी कळती झाल्यापासून आईला कधी दोन तासांच्या वर भेटलेली नाही, आणि हसणं अगदी तेच. आतून माझी आई ओरडली, बंद कर ते हसणं, आईवर जाशील! आणि वैशूनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सवयीनं धरलं, म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. मी त्याच घरात राहत होतो आणि मला दिसलं नव्हतं, की या पोरीनं हसणंच सोडलंय. तोंड दाबून मला हळूच म्हणाली, काका, मला पण होईल का हो तसं?

मी उठलो आणि ट्रंक उघडली. टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांकडून आणावा लागला. आई, दादा, वैशू, तिघांसमोर पहिली कॅसेट लावली. फीत जुनी झालेली, आवाज थोडा हलत होता. हसणं झालं. आणि मग वहिनीचा साधा, घरातला आवाज आला, झालं का हो भावजी? बंद करा ते, दूध उतू जाईल माझं. आणि माझा आवाज, एक नंबर, वहिनी!

मग मी सांगितलं, थिएटर, काळाराम, हंडा, सगळं. आई म्हणाली, मग तवा का नाय बोललास रे? दादा उठला, चपला घातल्या, दारात थांबून म्हणाला, आजारात ती हसलीच नव्हती, हे मलासुद्धा कळायला हवं होतं. आणि गेला. त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. वैशूनं हसणं पुन्हा लावलं नाही. ते दुधाचं वाक्य मात्र मागं घेऊन घेऊन चार वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी पिंपळगावला गेलो. वहिनी पॅकहाऊसमधून आली, हाताला द्राक्षांचा वास, केस पिकलेले. मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो, तर ती मागं सरली. म्हणाली, मला वाटलं होतं दोन दिवसांत येऊन सांगाल. मग वाटलं, आठवड्यात. मग मी दिवस मोजायचं सोडलं. एवढंच म्हणाली आणि वैशूला आत घेऊन गेली. थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा बाहेर आला, वैशूच्या हातून.

आता वैशू तिकडंच शिकते. दादा दर रविवारी जातो म्हणे, ओट्यावर बसून येतो, चार शब्द बोलून. मीही महिन्यातून एखाद्या वेळी जातो. मागच्या खेपेला दोघी आत टीव्हीवर तसलाच एक सिनेमा बघत होत्या, काजळ बघ गं बयेचं, असं वहिनीचं ऐकू आलं, आणि मग दोघी हसल्या, आणि बाहेर बसून मला कळेना यातलं कुठलं कुणाचं. वहिनी बोलते माझ्याशी. वैशूचे काका, चहा घ्या, म्हणते. वैशूचे काका, पाऊस येईल, निघा आता. भावजी म्हणत नाही. म्हणू नयेच. त्या दोघी अशाच हसत राहोत, माझं काय, मी बाहेर बसतो.