पुरवणी भाग तिसरा : थंडी, पाणी, उपासमार

मी, बाजारात 'नियमवाले' म्हणून परिचित, वय ५३, धंदा कुलूप-किल्ली, शिक्षण सातवी व पुढचे माझे मी, राहणार दुकानाच्या वरचा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

दर रविवारी दुपारी माझ्या दुकानात आम्ही टेबलावर कल्पनेतला साहसी खेळ खेळतो. प्रत्येकाचे एक पात्र असते, गोष्ट मी चालवतो, फाशांवर निकाल लागतो. खेळाच्या नियमांचे एक मूळ इंग्रजी पुस्तक आहे व त्याला जोडून तीन भागांची पुरवणी आहे. खेळायला औषध दुकानदार, शिंपीणबाई व माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान असतात. बहीण हयात नाही. तिचे जडीबुटीवालीचे पात्र आता मेहुणे चालवतात.

हवालदारांनी मला विचारले, "मूळ पुस्तक आहे ना? मग पुरवणी गेली तर काय बिघडलं?" त्यावर माझे म्हणणे असे की, मूळ पुस्तक तलवारीपुरते ठीक आहे. गोठलेल्या नदीत माणूस पडला की ते गप्प बसते आणि खेळणारे भांडू लागतात. पुरवणी असली की भांडण मिटते. तिन्ही भाग मी शब्दकोश घेऊन स्वतः वाचले आहेत. मात्र पाठ म्हटलेला नियम आमच्याकडे चालत नाही. पुस्तक टेबलावर असेल तरच लागू. हे मीच ठरवले आहे.

मागच्या रविवारी जडीबुटीवाली बर्फ फुटून नदीत पडली. मी म्हणालो, "दाजी, तिसऱ्या भागाप्रमाणे ती वाचत नाही."

मेहुणे म्हणाले, "पुस्तक कुठंय, दादा?"

"वर कपाटात. पुढच्या रविवारी आणतो."

शिंपीणबाई म्हणाल्या, "आठवडाभर पाण्यात ठेवणार का तिला? न्यूमोनिया होईल की!" कोणी हसले नाही.

काल कपाट उघडले तर भाग तिसरा नव्हता. कुलूप फोडलेले नव्हते. ते मी स्वतः घडवलेले असून त्याला फक्त दोन किल्ल्या आहेत. दुसरी बहिणीकडे असायची. मी चोरीची तक्रार दिली. संशयित म्हणून कोणाचे नाव सांगितले नाही.

आज मेहुणे आपण होऊन ठाण्यात आले. त्यांच्या पिशवीत पुस्तक होते. साहेब म्हणाले, "ठेवा इथं टेबलावर." त्यांनी ठेवले नाही, मांडीवरच धरले. मला म्हणाले, "दादा, तुमचंच आहे, नाही म्हणत नाही. पण टेबलावर नको."

पुस्तक मी लांबूनच ओळखले, ते माझेच आहे. ते व दुसरी किल्ली मेहुण्यांकडे राहण्यास माझी हरकत नाही. तक्रार पुढे चालवायची नाही. मूळ पुस्तकात थंड पाण्याविषयी काहीही दिलेले नाही, हे मी आज पुन्हा तपासले. त्यामुळे येत्या रविवारी जडीबुटीवाली पलीकडच्या काठावर, ओल्या कपड्यांत, शेकोटीपाशी बसलेली असेल व खेळ तिथून सुरू होईल.

हा मजकूर मला वाचून दाखवला. 'चोरीस गेले' होते तिथे 'घरी नेले' अशी दुरुस्ती मी करून घेतली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.