गिरमिटाला पाच थेंब

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी ते तेल घातलं, आणि तुम्ही बायका बंदरावर सांगत फिरता की सगुणीने मुद्दाम घातलं, गिरमिटाशी सवतीमत्सर म्हणून घातलं... बसा जरा इथं. पोरगी आत्ता डोळा लागून पडलीय, मी हळू बोलते, तुम्हीही हळू ऐका. वेळ इतकी पक्की कशी सांगते म्हणाल, तर आमच्या घरात घड्याळ आहे. माझ्यासाठी नाही हो, गिरमिटासाठी. त्याच्या तेलाची वेळ चुकू नये म्हणून नजमुद्दीन शेठनी दिलंय.

आता हे काही सुताराचं हाताने फिरवायचं गिरमिट नव्हे. मोऱ्याच्या बंदराला शेठचा बोटी दुरुस्तीचा कारखाना आहे ना, तिथं मुंबईहून आणलेलं हवेचं गिरमिट. इंजिन टाकीत हवा कोंबतं, ती हवा रबरी नळीतून येते, आणि ह्याच्या पोटातली पाती अशी गरगरतात की लोखंडी पत्र्याला भोक पडेपर्यंत तुमचं 'अगंबाई'सुद्धा पुरं व्हायचं नाही. ते चालवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे, आणि चालवायचं म्हणजे सांभाळायचं. नळी जोडण्याआधी पहिली हवा फुकट सोडायची, कारण आपल्या दमट हवेचं पाणी नळीत साठतं. टोक बदलायचं तर आधी हवा बंद. वाळूत ठेवायचं नाही, नळीला धरून उचलायचं नाही, आणि सकाळी एकदा, दुपारी एकदा, नळी जोडायच्या तोंडात पातळ तेलाचे पाच थेंब. हे सगळं शेठच्या कारकुनाने कागदावर लिहून दिलेलं, आणि ह्यांची शाळा सुटली दुसरीत, म्हणून रोज जेवताना तो कागद मी वाचायचे आणि हे मान डोलवायचे. कीर्तनात डोलवत नाहीत इतकी. सातवी पास बायको कुठं कामाला आली बघा.

कारखान्याची शेड पाण्यालगत, तिथं ठेवलं तर गंजेल, म्हणून गिरमिट मुक्कामाला आमच्या घरी. वजन आमच्या पोरीएवढं, कमळएवढंच. हे दारातून येणार ते गिरमिट काखेत घेऊन, आणि पोरीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून फडताळात निजवणार. पोरगी आठ महिन्यांची, अंग धरत नाही, पहाटे खोकते, माझा जीव टांगणीला. मी म्हणते, "अहो, अंग गरम लागतंय का बघा." हे उठणार, हात पुसणार, गिरमिटाला हात लावणार आणि सांगणार, "नाही, जरा दमट आहे." मी कुणाचं अंग बघायला सांगितलं होतं? पोरीला मी किती तेल चोळते, कुणाचं लक्ष नाही. त्याला मात्र मोजून पाच थेंब.

त्यात तो मंगळवार. मुंबईचे एक लाँचवाले मालक हवेच्या गिरमिटाचं काम डोळ्यांनी बघायला येणार होते. पसंत पडलं तर त्यांच्या तीन लाँचींची दुरुस्ती शेठकडे आणि हे कायमचे मिस्त्री. नाही पडलं तर गिरमिट परत मुंबईला आणि हे परत मिठागरात. माझ्या सासऱ्यांचे पाय तुम्ही बघितलेत, मिठाने चिरून चिरून काय झालेत ते. सासूबाई दोन दिवस एकच घोकत होत्या, "माज्या पोराला परत मिठागरान न्हाय धाडायचा, सांगून ठेवते." कुणाला सांगत होत्या देव जाणे, बघत माझ्याकडे होत्या.

आणि सकाळी मी बघते तर तेलाची बाटली कोरडी. दुसरी बाटली मुंबईच्या बोटीने यायची, ती आली नव्हती. हे विहिरीवर आंघोळीला. म्हटलं, आधीच धास्तावलेल्या माणसाला आणखी घोर कशाला. कागद काढला. पातळ तेल. आता जानेवारीच्या थंडीत खोबरेल म्हणजे दगड, ते का मला ठाऊक नाही? पोरीसाठी रोज करते तशी बाटली चुलीच्या वैलावर ठेवली, पाण्यासारखं पातळ केलं, आणि घातले की पाच थेंब. पण तुम्हाला सांगते, पाच थेंबांनंतर ते तोंड इतकं तहानलेलं दिसलं... परीक्षेचा दिवस, आणि पाच थेंबांत कुणाचं काय भलं झालंय? ओतलं वाटीभर.

हे आले. "बाटलीत तेवढं निघालं का गं?"

"घातलं," मी म्हटलं. खोटं नाही बोलले. विचारलं त्याचं उत्तर दिलं नाही, एवढंच.

दहाच्या सुमाराला, ऊन चढल्यावर, भाकरी घेऊन, कमळला काखेत मारून कारखान्यात गेले. मालक खुर्चीवर, शेठ इस्त्रीच्या सदऱ्यात. ह्यांनी हवा सोडली, गिरमिट भुंग्यासारखं फिरलं, आणि कारखानाभर खोबरेलाचा घमघमाट. शिवदास लोहार म्हणतो, "चांगदेव, आज मशीन न्हाऊन आली वाटतं, वेणीफणी राहिली काय?" तेवढ्यात गिरमिटाच्या बाजूच्या भोकातून तेलाचा फवारा थेट शेठच्या दाढीवर. "या अल्ला, चांगदेव, मना कशाला न्हाऊ घालतंस?" सगळे हसले. मग गिरमिट घुरघुरलं. मग थांबलं.

कारण काय, तर हे हवेचं गिरमिट चालताना तापत नाही, उलट बाहेर पडणाऱ्या हवेने गार पडतं, माठासारखं. हे कागदात लिहिलं नव्हतं. कागदात नाही ते मला कुठून कळणार? खोलून बघतात तर आत पांढरंशुभ्र, पाती लोण्यात रुतल्यासारखी गच्च.

"चुना आहे का?" मालकांनी विचारलं आणि परतीच्या बोटीची वेळही विचारली. शिवदास म्हणाला, "ग्येलं. धाडा मुंबयला." ह्यांचा चेहरा बघवेना. मी गप्प राहिले असते तर दोष नळीवर गेला असता, खाऱ्या हवेवर गेला असता... पण मला समोर सासऱ्यांचे पाय दिसले हो. कमळ शिवदासच्या हातात दिली आणि म्हटलं, "शेठ, चुना नाही, माझं खोबरेल आहे. मोडलं काही नाही, गोठलंय."

इंजिनाचं कढत पाणी बादलीत काढून घेतलं, दुपटं पिळून पिळून, खोकल्यात कमळच्या छातीला देते तसा गिरमिटाला शेक दिला. वाटीभर गेलं होतं, ते थेंबाथेंबाने बाहेर आलं. ह्यांनी रॉकेलने धुऊन पुसून जोडलं. आणि पातळ तेल? ते शेठच्या घरून, त्यांच्या बायकोच्या, गुलबानूबींच्या शिवणयंत्राचं. आमच्यापासून दोन घरं सोडून होतं. सहा चाळीसला विचारलं असतं तर तेव्हाच मिळालं असतं.

चाळीस भोकं पडली, एकही वाकडं नाही. मालक म्हणाले, "शेकून जे मशीन बरं होतं, त्याला मुंबईला कशाला न्यायचं?" आणि हे झाले कायमचे मिस्त्री.

मला वाटलं, आता कुणी बरं बोलेल. कसलं हो. त्या दिवसापासून घरातलं सगळं तेल ह्यांच्या ताब्यात, खोबरेलसुद्धा, माझा हात पोचत नाही त्या फळीवर. सकाळी सहा चाळीसला घड्याळ बघून बाटल्या काढतात. आधी गिरमिट, मग कमळ. तिलाही मोजून पाच थेंब. वर मलाच सांगतात, "जास्त झालं की आत गोठतं."

तर बायांनो, ज्यांचे ज्यांचे घरधनी मशिनीवर आहेत त्यांना त्यांना सांगा, खोबरेल घालू नका, शिवणयंत्राचं मागून आणा. आणि बंदरावरून जाताना आमचे हे दिसले तर तेवढं त्यांच्याही कानावर घाला, पोरीच्या पोटात पाती नसतात म्हणावं.